हिवाळ्यात गाडीच्या पुढच्या काचेवरचा बर्फ काच न फोडता कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत पुण्याहून श्टुटगार्टला नोकरीसाठी येताय, गाडी रस्त्यावरच उभी राहणार आहे, आणि गरम पाणी ओतून क्षणात काच मोकळी करणारे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. तसं करावं का, असं विचारलंय.

करू नका. मी केलंय.

इथला माझा पहिला हिवाळा होता. डिसेंबरचा शेवट, बाहेर मिट्ट काळोख (त्या दिवसांत इथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो), ऑफिसला उशीर झालेला आणि काचेवर पांढरा कडक थर. चहासाठी ठेवलेलं पाणी किटलीत तयार होतं. तेच नेऊन ओतलं. बर्फ सर्रकन उतरला आणि त्याच वेळी ‘टक्’ असा बारीक आवाज आला. काचेच्या खालच्या कोपऱ्यात ऑक्टोबरात हायवेवर खडा उडून मोहरीएवढा टवका गेला होता. त्याच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. तिथून वीतभर तडा गेला होता आणि संध्याकाळपर्यंत तो काचेच्या मध्यापर्यंत पोचला. काच बदलावी लागली. शिवाय आरशामागे कॅमेरा असलेली गाडी असल्यामुळे तो पुन्हा नीट जुळवून घ्यायचा वेगळा खर्च आला. मी स्वतः पुण्यात गाड्यांच्याच कंपनीत काम करून आलेला इंजिनिअर, हे इथे सांगायला नको होतं, पण सांगतो.

आपल्याकडे काचेच्या ग्लासात कडक चहा ओतताना आधी चमचा ठेवतात, ते कशासाठी हे सगळ्यांना माहीत असतं. गाडीच्या काचेचंही तेच. काच एका अंशाला मीटरमागे साधारण ९ मायक्रोमीटर प्रसरण पावते. उणे पाच अंशांच्या काचेवर पंचाहत्तर अंशांचं पाणी पडलं तर फरक ८० अंशांचा, म्हणजे मीटरमागे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. जिथे पाणी पडलं तो भाग पसरू बघतो, शेजारचा गार भाग त्याला पसरू देत नाही. धड काच हा ताण कदाचित सोसेल, पण टवका असला तर तो तिथूनच उलतो. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकची फिल्म, त्यामुळे ती अंगावर कोसळत नाही इतकंच.

मग कोमट पाणी? काच वाचेलही, पण ते पाणी वाहून वायपरच्या खाचेत आणि दाराच्या रबरात शिरतं आणि तिथे पुन्हा गोठतं. उरलेलं तुमच्या पायाखाली जमिनीवर गोठतं आणि दार उघडताना तुम्ही त्यावरच पाय ठेवता.

आता बर्फ मुळात का जमतो ते बघा, म्हणजे कधी जमेल याचा अंदाज येतो. फोनवर बाहेरचं तापमान दोन अंश दिसत असतं आणि तरी काच पांढरी असते. नवीन माणूस यावर हमखास गोंधळतो. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात गाड्यांच्या टपांवर दव गोठल्याच्या बातम्या दर थंडीत येतात, आणि गावातलं तापमान तेव्हा शून्याच्या बरंच वर असतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की उघड्यावरचा पृष्ठभाग आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. काच आणि टप यात सगळ्यात पुढे. म्हणून ढगाळ रात्रीपेक्षा स्वच्छ चांदणी रात्र वाईट, आणि झाडाखाली किंवा भिंतीलगत उभी केलेली गाडी बऱ्याचदा सुटते. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला इथे ‘लाटर्नेनपार्कर’ म्हणतात, म्हणजे दिव्याच्या खांबाखाली गाडी लावणारा. आपण त्यातले.

त्यामुळे खरं काम आदल्या रात्रीचं. काचेवर टाकायचं आवरण इथे सुपरमार्केटमध्येही मिळतं. त्याच्या दोन्ही बाजू दारात अडकवून दार लावायचं, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. आवरण पाणी न शोषणाऱ्या कापडाचं घ्या. हे सांगायचं कारण आई. एका थंडीत ती आली होती. रोजची खरवडाखरवड बघून तिने एका रात्री काचेवर सोलापुरी चादर पसरली. पहाटे आधी रिमझिम झाली आणि मग पारा उतरला. चादर काचेला अशी चिकटली की दुपारी ऊन येईपर्यंत निघाली नाही. मी ट्रामने ऑफिसला गेलो. पुठ्ठ्याचंही भिजल्यावर तेच होतं.

रात्रीचं दुसरं काम वायपरचं. गाडी बंद करण्याआधी वायपर बंद करा, ऑटोवरही ठेवू नका. नाहीतर सकाळी चावी फिरवताच गोठून चिकटलेले वायपर हलायला बघतात आणि रबर तरी फाटतं किंवा मोटरचा फ्यूज तरी जातो. वायपर उभे करून ठेवायची पद्धतही दिसेल. वारा असेल तर मी ते टाळतो, कारण आडवा पडणारा वायपर काचेवर आपटतो.

आणि सकाळी? पंधरा मिनिटं हातात ठेवून खाली उतरा. सगळी गडबड घाईमुळे होते, बर्फ स्वतः तसा बिचारा आहे.

बर्फ पडला असेल तर आधी टप झाडा, मग काच. उलट केलंत तर टपावरचं सगळं पुन्हा काचेवर येतं. आणि टप तसाच ठेवून निघालात तर पहिल्याच ब्रेकला तो ढीग घसरून समोर येतो आणि तुम्ही आंधळे होता, किंवा मागे उडून दुसऱ्याच्या काचेवर बसतो. मग बर्फ वितळवणारा स्प्रे मारा. घरी करायचा तर दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी. ते पेट घेतं, म्हणून गाडीच्या आत किंवा सिगारेटजवळ मारू नका. मारल्यावर दोन मिनिटं थांबा. हे थांबणंच बहुतेकांना जमत नाही. थर सैल झाला की प्लॅस्टिकचं खरवडणं तिरकं धरून एकाच दिशेने ढकला. मागे-पुढे घासू नका. ओरखडे खरवडण्याने कमी आणि त्याखाली अडकलेल्या वाळू-धुळीने जास्त पडतात. तुम्ही म्हणाल, एवढे बारीक ओरखडे कुणाला दिसतात? डिसेंबरमध्ये पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, इथे जेमतेम १८ अंशांवर. म्हणजे दिवसभर तो डोळ्यांत असतो आणि तिरक्या उन्हात प्रत्येक ओरखडा चमकतो.

माझ्या एका मित्राने स्वयंपाकघरातलं स्टीलचं उलथनं वापरलं होतं. दुधाच्या पातेल्याची खरवड काढावी तितक्या मनापासून. त्याच्या काचेवरची नक्षी अजून आहे. क्रेडिट कार्डही नको, ते थंडीत मोडतं. मीठ नको, पत्र्याला आणि रंगाला वाईट. इथल्या पार्किंगची वेळ दाखवणारी निळी चकती मात्र चालते, अनेक चकत्यांची एक कड त्यासाठीच दातेरी केलेली असते.

मागच्या काचेत तारा असतात. त्या बहुधा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात, म्हणून बाहेरून खरवडायला हरकत नाही, आतून कधीच नाही. आरसे, दिवे, नंबरप्लेट आणि आरशामागच्या कॅमेऱ्यासमोरची जागा विसरू नका.

सगळी काच साफ करा म्हणतो ते फक्त माझं मत नाही. ड्रायव्हरपुरतं भोक पाडून निघणाऱ्यांसाठी इथे शब्दच आहे, ‘गुकलोख’, म्हणजे डोकावायचं भोक. वाहतूक नियमांच्या कलम २३ नुसार समोरचं आणि बाजूचं नीट दिसणं ही चालकाची जबाबदारी आहे. दंड १० युरोच, पण अपघात झाला तर विमावाले हाच मुद्दा काढतात. दुसरी गोष्ट आपल्या लोकांना पटत नाही. इंजिन चालू ठेवून आत बसून काच तापायची वाट बघणं इथे नियमाविरुद्ध आहे (कलम ३०, ८० युरोपर्यंत दंड). शिवाय त्याचा उपयोगही फारसा नाही. उभ्या गाडीचं इंजिन, डिझेल तर विशेषच, तापायला फार वेळ घेतं. आधी खरवडा, मग इंजिन सुरू करा आणि लगेच निघा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जरला जोडलेली असतानाच ॲपवरून काच तापवून घ्या, तो प्रश्नच मिटतो.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, आणि बर्फ साचला असेल तर सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का ते बघा. ते बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो आणि त्याला वास नसतो.

काच आतून धूसर होत असेल किंवा आतूनच गोठत असेल तर गाडीत ओल आहे. ओल्या बुटांचं पाणी पायपुसण्यांत मुरतं, त्या काढून घरात वाळवा. निघताना हवा सरळ काचेवर सोडा, आतलीच हवा फिरवत ठेवणारं बटण बंद करा आणि एसी चालू करा. हो, थंडीत एसी. हीटरही चालूच ठेवायचा. एसी हवेतली ओल काढतो (कडक थंडीत कंप्रेसर आपणहून बंद राहतो). आणि तेव्हाही बाहेरची हवा कामी येते. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरमागे फार तर पाच ग्रॅम बाष्प मावतं, वीस अंशांच्या हवेत सतरा. बाहेरची ती कोरडी हवा आत घेऊन तापवली की ती काचेवरची ओल शोषून नेते.

काच धुवायच्या टाकीत पुण्यासारखं साधं पाणी भरू नका, हिवाळी द्रव भरा. पण गाडी चालवताना, काच अजून गार असताना तोही मारू नका. त्यातलं अल्कोहोल वाऱ्याने उडून जातं, मागे पाण्याचा पातळ थर राहतो आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर गोठतो. शंभरच्या वेगाला हा अनुभव घेण्यासारखा नाही.

आल्या आल्या दोन खरवडणी घ्या, ती स्वस्त मिळतात. एक गाडीत आणि एक घरी. दाराचं रबर गोठलं तर दार उघडत नाही आणि गाडीतलं खरवडणं काचेतून नुसतं दिसत राहतं. तेव्हा हँडल खेचू नका, रबर फाटतं. दारावर अंगाने दाब द्या, म्हणजे कडेचा बर्फ तुटतो, किंवा दुसरं दार बघा. रबराला महिन्यातून एकदा सिलिकॉन किंवा ग्लिसरीन चोळलं तर ही वेळ क्वचितच येते. आणि गाडी चावीने उघडायची असेल तर कुलूप वितळवायचा छोटा स्प्रे कोटाच्या खिशात ठेवा. मी पहिल्या वर्षी तो ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवला होता.