बँकेचा बाँड, वडिलांची जामीनकी आणि सातबारा

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातला. एका मोठ्या सरकारी बँकेत प्रोबेशनरी अधिकारी म्हणून 22 महिने झाले, नेमणूक तमिळनाडूत. 3 वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 2 लाख भरायचे, असा बाँड आहे, जामीनदार म्हणून वडिलांची सही आहे. आता राज्यकर निरीक्षक म्हणून नेमणुकीचा आदेश आलाय. बँक 2 लाख अधिक जीएसटी मागते. गावात म्हणतात, पैसे भरले नाहीत तर सातबाऱ्यावर बोजा, म्हणजे येण्याची नोंद, चढेल. बँक सोडू का?

उत्तर : आधी वडिलांची धास्ती घालवा. जामीनदार म्हणून सही केली म्हणजे जमीन गहाण पडली असं होत नाही. गहाणखत किंवा पीककर्जाचा इकरार (जमीन तारण देत असल्याचं लेखी कबुलीपत्र) केल्याशिवाय बँक नुसत्या बाँडच्या कागदावर बोजा चढवू शकत नाही. बाँडच्या वसुलीसाठी तिला दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, तोही बाँड मोडल्यापासून 3 वर्षांच्या आत. पण करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी तुमच्याइतकीच. दाव्याचा हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा निकाल, झाला तर जप्ती वडिलांपर्यंत पोचू शकते. त्यामुळे पैसे न भरता निघून जाऊ नका.

बाँडच बेकायदा ठरवून घ्यावा, असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. 14 मे 2025 नंतर ती वाट जवळजवळ बंद झाली. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच अट, 3 वर्षं आणि 2 लाख, वैध ठरवली. सरकारी बँकेला जाहिरात देऊन खुली भरती करावी लागते, माणूस मध्येच गेला तर तो सगळा खर्च पुन्हा होतो, हे न्यायालयाने मान्य केलं. 36 पैकी 22 महिने काम केलं म्हणून रक्कम कमी करा, अशी विनंती अर्जात जरूर करा. पण बाँडमध्ये तसं कलम नसेल तर फार आशा धरू नका.

जीएसटीचं मात्र सोडू नका. 18 टक्क्यांनी ते 36,000 रुपये होतात. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात (क्रमांक 178/10/2022) स्पष्ट लिहिलंय की मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने भरलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही. हा क्रमांक टाकून एचआरला लेखी पत्र द्या. तोंडी बोलून काही होणार नाही.

सोडावी का? माझं मत, सोडा. तिथे राहिलात तर स्टाफ रेटचं, म्हणजे कमी व्याजाचं, कर्ज, बँकेचं घर आणि बढतीची शिडी आहे, हे खरं. पण बदली देशात कुठेही होते आणि मंजूर केलेलं कर्ज थकलं की जबाबदारीची चौकशी सही करणाऱ्यावर येते. ग्रॅच्युइटीला 5 वर्षं लागतात, नोकरी आज सोडली काय आणि 14 महिन्यांनी सोडली काय, ती मिळणार नाहीच. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेतले पैसे, बुडत नाहीत. प्रान नंबर, म्हणजे त्याचा खाते क्रमांक, तोच राहतो, फक्त नव्या खात्याकडे वर्ग करून घ्या.

आता घाई नोटीसची. प्रोबेशनमध्ये ती सहसा 1 महिन्याची असते, कायम झाल्यावर 3 महिन्यांची. प्रोबेशनची 2 वर्षं संपायला तुमच्या हातात 2 महिनेच आहेत, म्हणून कायम होण्याचा आदेश निघण्याआधी राजीनामा द्या. त्याच दिवशी विक्रीकर खात्याकडे, म्हणजे आताच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे, रुजू होण्याची मुदतवाढ मागा. चौकशी किंवा कारणे दाखवा नोटीस चालू असेल तर बँक राजीनामा अडवू शकते, म्हणून तसलं पत्र आलं असेल तर त्याचं उत्तर आधी द्या.

चार्ज देताना तिजोरीच्या किल्ल्यांची नोंद रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्यांनी करा, युजर आयडी बंद झाल्याची पोच घ्या आणि तुम्ही मंजूर केलेल्या कर्जांची यादी तारखेसह सोपवा. पुढे एखादी फाईल हरवली, तर हाच कागद कामी येतो.

2 लाख रोख देऊ नका, खात्यातून भरा आणि पावती घ्या. कार्यमुक्तीच्या पत्राबरोबर मूळ बाँड ‘रद्द’ असा शेरा मारून परत मागा. वडिलांची जामीनकी संपल्याचं वेगळं पत्र त्यांच्या नावाने घ्या आणि ते जिंतूरला त्यांच्याच हातात द्या.