एकच फाइल आणि सहा जणांचे हात

या वेळी आलेल्या प्रश्नांतले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरणारे निघाले, ऑनलाइन एकत्र काम करणं आणि एकमेकांना गोष्टी शेअर करणं, म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हे सगळे आज एकत्र घेतेय.

प्रश्न: ताई नमस्कार. ऑफिसात आम्ही सहाजण मिळून दर महिन्याचा रिपोर्ट एका शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये लिहितो. मागच्या वेळी माझा अख्खा परिच्छेद कुणीतरी उडवला, सांगितलंही नाही. तेव्हापासून मी माझा भाग वेगळ्या फाइलमध्ये लिहिते आणि शेवटच्या दिवशी आणून पेस्ट करते. बाकीचे म्हणतात हिला टीममध्ये राहायचंच नाहीये. माझं चुकतंय का?

उत्तर: आधी तो परिच्छेद परत मिळवा, मग बाकीचं बोलू. गूगल डॉक्स असेल तर फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी आहे, तिथे कुणी कधी काय बदललं ते प्रत्येकाच्या वेगळ्या रंगात दिसतं. जुनी आवृत्ती उघडा आणि फक्त तुमचा मजकूर कॉपी करून घ्या. रिस्टोरचं बटण दाबू नका, कारण मग अख्खी फाइल त्या दिवसावर जाईल आणि त्यानंतर बाकीच्यांनी घातलेली भर समोरून गायब होईल, म्हणजे एकीच्या परिच्छेदापायी पाचजण नाराज. वर्डची फाइल वनड्राइव्हवर असेल तर तिथेही अशीच सोय आहे.

आता मूळ मुद्दा. पूर्वी फाइल माणसांकडे फिरायची, आता माणसं फाइलकडे येतात. हा बदल दिसायला छोटा आहे पण भांडणाची जागाच बदलून गेलीय. ईमेलवर फाइल फिरायची तेव्हा भांडण असायचं की ताजी प्रत कुणाकडे आहे, आता प्रत एकच आहे त्यामुळे भांडण आहे की तिच्यात हात कुणी घालायचा. आणि या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सॉफ्टवेअर देत नाही, कितीही भारी असलं तरी.

का देत नाही ते एका वाक्यावर बघा. समजा फाइलमध्ये लिहिलंय, ‘बैठक सोमवारी होईल’. तुम्ही दुसरा शब्द खोडला आणि त्याच क्षणी सहकाऱ्याने वाक्याच्या सुरुवातीला ‘पुढची’ हा शब्द घातला. त्याच्या स्क्रीनवर दुसरा शब्द आता ‘बैठक’ आहे, म्हणजे तुमची सूचना जशीच्या तशी तिकडे पोचली तर ‘बैठक’ उडेल आणि ‘सोमवारी’ राहील. म्हणून मधली यंत्रणा तुमची सूचना वाटेतच बदलते, दुसरा नाही, तिसरा शब्द खोडा, असं करून पुढे देते. ही युक्ती एलिस आणि गिब्स या दोन संशोधकांनी १९८९ साली मांडली होती आणि एकत्र टायपिंगची कितीतरी साधनं अजून त्याच विचारावर उभी आहेत. आता याच वाक्यात तुम्ही ‘सोमवारी’ खोडून ‘मंगळवारी’ लिहिलंत आणि त्याच वेळी त्याने ‘सोमवारी’ खोडून ‘बुधवारी’ लिहिलं तर? एकही अक्षर वाया जाणार नाही, दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतील आणि वाक्य होईल ‘बैठक मंगळवारीबुधवारी होईल’. कॉम्प्युटरच्या दृष्टीने काम चोख झालं. बैठक कधी आहे ते मात्र तुम्हा दोघांनाच बोलून ठरवावं लागेल.

तेव्हा तुमच्या टीममध्ये तीन गोष्टी बोलून ठरवून टाका. जो भाग ज्याने लिहिलाय त्यात दुसऱ्याने थेट हात घालायचा नाही, सजेशन मोड लावून सुचवायचं, मग मूळ लिहिणारी ते घेईल किंवा सोडेल. मोठा तुकडा काढावासा वाटला तर आधी कॉमेंट टाकायची, नाव टॅग करून. आणि शेवटचा हात एकाचाच, दर महिन्याला माणूस बदला हवं तर, पण त्या महिन्यात त्याचा शब्द अखेरचा.

वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्यात काहीच गैर नाही हो, कच्चं लिहिताना पाच जणांचे कर्सर डोळ्यासमोर नाचले की भल्याभल्यांना सुचत नाही. चुकतंय ते शेवटच्या दिवशी पेस्ट करण्यात. बाकीच्यांना तुमचा भाग वाचायला वेळच उरत नाही, तेच आकडे दोन ठिकाणी येतात, आणि मग घाईघाईत कुणीतरी पुन्हा तुमचाच परिच्छेद उडवणार. अर्धंकच्चं का होईना, तीन-चार दिवस आधी आणून ठेवा.

प्रश्न: ताई, कॉलेजचा ग्रुप प्रोजेक्ट आहे, पाच जण आहोत, काम दोघंच करतोय. हिस्टरीमध्ये सगळं दिसतं कोणी किती लिहिलं ते. त्याचा स्क्रीनशॉट मॅडमना दाखवू का?

उत्तर: तुझी चिडचिड खरी आहे आणि ती फार जुनी आहे बघ. मॅक्स रिंगलमन नावाच्या फ्रेंच अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून ताकद मोजली होती, त्याचे निष्कर्ष १९१३ साली छापून आले. एकटा माणूस जितका जोर लावतो तितका तो घोळक्यात लावत नाही, आणि माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर आणखी घटतो. म्हणजे हा आळस इंटरनेटने आणलेला नाही, फक्त आता त्याची नोंद राहते.

पण स्क्रीनशॉट दाखवायच्या आधी एक लक्षात घे की हिस्टरी टायपिंग मोजते. जिने तीन तास बसून संदर्भ शोधले आणि तुला फोनवर सांगितले तिचा त्या फाइलमध्ये एक शब्दही नसेल, आणि ज्याने दुसरीकडचा मजकूर आणून चिकटवला त्याचा रंग सगळ्यात जास्त दिसेल. म्हणून आधी पाचही जणांच्या ग्रुपवर सरळ लिही की कामं वाटून घेऊ, आणि डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर तक्ता कर, काम, नाव, तारीख. संशोधनाच्या पेपरमध्ये आता अशीच सोय असते, कितीतरी जर्नलमध्ये १४ प्रकारच्या भूमिका ठरलेल्या आहेत, कल्पना कुणाची, माहिती कुणी गोळा केली, पहिला खर्डा कुणी लिहिला, तपासलं कुणी, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची भूमिका येते. तारखा उलटूनही तिघं हललेच नाहीत तर तो तक्ता घेऊन मॅडमकडे जा, दोघंही जा, आणि त्या तिघांना आधी सांगून जा. चोरून काढलेल्या स्क्रीनशॉटपेक्षा सगळ्यांसमोर असलेला तक्ता कधीही बरा, त्यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

उलटं टोकही सांगते, कारण ते मला फार आवडतं. २००९ साली टिमथी गॉवर्स या गणितज्ञाने एक अवघड सिद्धता लोकांसमोर उघडी टाकली आणि म्हटलं की या, सगळे मिळून सोडवू. अट अशी की छोटे छोटे विचारही लिहायचे, अर्धवट असले तरी. काही आठवड्यांत प्रश्न सुटला आणि पेपर छापताना वर कुणा एकाचं नाव न घालता सगळ्यांचं मिळून एक टोपणनाव घातलं, डी. एच. जे. पॉलिमॅथ. त्यांना ते जमलं कारण सगळ्यांच्या कॉमेंट जशाच्या तशा उघड्या होत्या, कोणाला काय सुचलं ते कुणीही जाऊन वाचू शकत होतं.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून माझ्या नोट्स लिंक देऊन सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. परवा त्याच नोट्स दुसऱ्याच्या नावाने माझ्याकडेच फॉरवर्ड होऊन आल्या. बंद करून टाकाव्यात असं वाटतंय.

उत्तर: सर, बंद करू नका, कळकळीची विनंती आहे. ज्याने नाव खोडलं त्याचं त्याने काही बिघडणार नाही, त्याच्याकडे प्रत आहेच, नुकसान होईल ते शोधत येणाऱ्या मुलांचं.

लिंक असलेल्या कुणालाही उघडता येईल ही सेटिंग फक्त दार उघडते. आत आल्यावर काय न्यायचं, कसं न्यायचं याबद्दल ती काहीच सांगत नाही. कायद्याने तुमचं लिखाण लिहिल्या क्षणापासून तुमचंच आहे, नोंदणी लागत नाही, पण वाचणाऱ्याला ते ठाऊक नसतं, त्याला वाटतं खुलं आहे म्हणजे कुणाचंच नाही. हीच पोकळी भरून काढायला क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्स निघाली, पहिली आली डिसेंबर २००२ मध्ये. फुकट आहेत, वकील लागत नाही, आपल्या पानावर एक ओळ लिहायची. तुमच्यासाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या. ‘बाय’ म्हणजे वापरा, पण नाव द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी वापरू नका. ‘एसए’ म्हणजे यात भर घालून पुढे दिलंत तर तुम्हीही असंच मोकळं द्या. मला विचाराल तर ‘बाय-एसए’ घ्या. विकिपीडियाचा मजकूर याच प्रकारात आहे. एनसी घ्यायचा मोह होतो पण धंदा म्हणजे नक्की काय यावर वाद होतात आणि फी घेणारा एखादा प्रामाणिक क्लासवाला घाबरून नोट्स वापरतच नाही. एकच सांभाळा, हे लायसन्स एकदा दिलं की मागे घेता येत नाही, तेव्हा नोट्समध्ये दुसऱ्या कुणाची चित्रं किंवा उतारे असतील तर ते आधी बाजूला काढा.

व्यवहाराचं म्हणाल तर पीडीएफ करा, प्रत्येक पानाच्या तळाशी नाव, वर्ष आणि मूळ लिंक घाला. पहिल्या पानावरचं नाव सहज कापलं जातं, चाळीस पानांवरचं कापायला कंटाळा येतो. आणि लिंक फक्त ‘व्ह्यूअर’ ठेवलीय ना ते आजच बघा, ‘एडिटर’ असेल तर येणारा जाणारा कुणीही मूळ फाइलच बदलू शकतो. ज्याच्या नावाने फिरतायत त्याला एक साधा मेसेज करा, सौम्य शब्दांत, पुष्कळदा त्याला स्वतःलाच माहीत नसतं की नाव मध्येच कुणीतरी बदललंय.

प्रश्न: ग्रुपवर पाठवलेले फोटो छापायला दिले तर धूसर येतात. फोनचा दोष?

उत्तर: फोनचा नाही. व्हॉट्सॅप फोटो लहान करून पाठवतं. डॉक्युमेंट म्हणून जोडा, मूळ आकारात जाईल.

प्रश्न: आम्ही एका विषयावरची माहिती गोळा करतोय, स्वयंसेवक म्हणून. सुरुवातीला आठ जण होतो तेव्हा झपाट्याने काम झालं. आता साठ जण आहोत आणि काहीच पुढे सरकत नाही, ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज पडतात पण निर्णय एक नाही. माणसं वाढली तर काम वाढायला हवं ना?

उत्तर: हिशोब करून बघा. आठ जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात २८. साठ जणांत १७७०. माणसं साडेसातपट झाली आणि जोड्या साठपटीहून जास्त. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलून काम करायचं असेल तर ते बुडणारच, तुमच्या माणसांत काही खोट नाही.

हजारो माणसं एकत्र काम करतात ती एकमेकांशी फारसं न बोलता करतात. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्तो-प्रँसचा धड नकाशा उपलब्ध नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून काढायच्या खुल्या नकाशावरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहाचे फोटो समोर ठेवून रस्ते, इमारती, तंबूंच्या वस्त्या काढल्या आणि मदतपथकांनी तो नकाशा प्रत्यक्ष वापरला. पुढे अशा कामासाठी एक टूल तयार झालं, त्याची पद्धत तुम्ही उचलण्यासारखी आहे. अख्खा भाग चौकोनांत कापलेला असतो. तुम्ही एक चौकोन घेतला की तो तुमच्या नावावर लॉक होतो, दुसऱ्याला मिळत नाही. झाला की झाला म्हणून खूण करायची, मग तो दुसराच कुणीतरी तपासतो, आणि नाही जमला तर सोडून द्यायचा, कोणी विचारत नाही का सोडला. ज्याच्याकडे अर्धा तास आहे त्यालाही काम मिळतं आणि दोघांच्या हातून तेच काम होत नाही.

तुमची माहिती अशी कापता येईल का ते बघा, गाववार, वर्षवार, पानवार, कशीही. एक शीट करा, प्रत्येक ओळ म्हणजे एक तुकडा, आणि रकाने फक्त चार: कुणी घेतला, कधी, झाला का, कुणी तपासला. ग्रुप ठेवा पण त्यावर काम वाटू नका, चॅटमध्ये सकाळचं बोलणं दुपारपर्यंत वर वाहून जातं आणि उशिरा येणाऱ्याला काहीच सापडत नाही. निर्णय झाला की त्याच शीटच्या दुसऱ्या पानावर तारखेसकट एक ओळ लिहायची, कोणी ठरवलं तेही. आणि तुकडा कसा भरायचा हे ठरवायचं काम त्या पहिल्या आठ जणांनीच करावं, साठ जणांचं मतदान घेत बसू नका.

प्रश्न: विकिपीडियावर लिहायची इच्छा आहे पण भीती वाटते, कुणीही येऊन खोडेल ना?

उत्तर: खोडेल, आणि कुणीही येऊन ते परत आणेल. विकिपीडियाच्या आधी त्याच मंडळींनी न्यूपीडिया नावाचा ऑनलाइन ज्ञानकोश काढला होता, त्यात तज्ज्ञांच्या तपासणीचे सात टप्पे होते आणि लेख इतके सावकाश यायचे की अखेर तो बंद पडला. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला तो उलट विचाराने, आधी लिहू द्या, मग तपासू, आणि बिघडवण्यापेक्षा दुरुस्त करणं सोपं ठेवू. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. प्रत्येक लेखाच्या वर इतिहास नावाचा टॅब असतो, तो उघडा, एखाद्या लेखात किती जणांनी काय काय केलंय ते वाचा. मग एखाद्या लेखातली एक शुद्धलेखनाची चूक सुधारा किंवा एका वाक्याला पुस्तकाचा संदर्भ जोडा. नवा लेख नंतर. कुणी तुमचा बदल उलटवला तर परत घालू नका, चर्चा पानावर जाऊन विचारा की का काढलं, उत्तर येईपर्यंत दुसऱ्या लेखात हात घाला, काम तिथे भरपूर पडलंय.