ग्लुकोजचा विन्यास क्ष-किरणांशिवाय कसा ठरला?

कळव्याच्या विद्यार्थ्याने विचारले आहे की, एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखण्याचे तंत्र) किंवा क्ष-किरण हाताशी नसताना जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये ग्लुकोजमधील हायड्रॉक्सिल (OH) गटांच्या बाजू, म्हणजेच त्याचा विन्यास, कशा ठरवल्या; कार्बनांची साखळी उभी काढली की प्रत्येक गट डावीकडे किंवा उजवीकडे येतो. शर्करांच्या रचनांचा तक्ता पाठ करण्याचा हा विषयच नाही. त्यामागचा युक्तिवाद एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावा.

चार असममित (चार वेगवेगळे गट जोडलेल्या) कार्बनांमुळे सोळा शक्यता होतात. पाचव्या कार्बनवरील गट उजवीकडे आहे असे फिशर यांनी निव्वळ गृहीत धरले, त्यामुळे आठ उरल्या. ग्लुकोज आणि मॅनोज ही दुसरी शर्करा यांच्यापासून फिनाइलहायड्रॅझीन या अभिकर्मकाने एकच ओसाझोन (पहिल्या दोन कार्बनांवर बदल होऊन बनणारे संयुग) मिळते, म्हणजे त्यांच्यातील फरक केवळ दुसऱ्या कार्बनवर आहे. एक कार्बन कमी असलेल्या अरॅबिनोजपासून किलियानी यांच्या साखळीत एक कार्बन वाढवणाऱ्या सायनाइड पद्धतीने हीच जोडी तयार होते. अरॅबिनोजचे नायट्रिक अम्लाने ऑक्सिडीकरण केल्यावर मिळणारे द्विअम्ल (दोन्ही टोकांना अम्लगट असलेले संयुग) ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल फिरवते, म्हणून ते सममित नाही, आणि त्यामुळे अरॅबिनोजच्या दुसऱ्या, म्हणजेच ग्लुकोजच्या तिसऱ्या कार्बनवरील गट डावीकडेच असला पाहिजे. ग्लुकोज आणि मॅनोज या दोघांचीही द्विअम्ले प्रतल फिरवतात. चौथा गट डावीकडे असता, तर त्यांपैकी एक सममित निघून निष्क्रिय ठरले असते. म्हणून चौथा उजवीकडे.

आता या दोन रचनांपैकी ग्लुकोज कोणती? माझ्या मते सर्वांत देखणी पायरी हीच आहे. फिशर यांनी गुलोज नावाची नवी शर्करा तयार केली आणि तिच्यापासून ग्लुकोजचेच द्विअम्ल मिळाले. दोन टोकांची अदलाबदल केल्यावर मॅनोजची रचना होती तशीच राहते, दुसरीची मात्र वेगळी शर्करा होते. म्हणून ती दुसरी, म्हणजे दुसरा गट उजवीकडे असलेली रचना, ग्लुकोजची.

पाचव्या कार्बनविषयीचे गृहीतक बरोबर होते, हे १९५१ मध्ये बायफूट यांनी टार्टारिक अम्लाच्या सोडियम-रुबिडियम क्षारावरील क्ष-किरण अभ्यासातून दाखवले. तोवर सगळा डोलारा सापेक्ष होता.

ग्लुकोजची साखळी मिटून होणाऱ्या वलयाचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही; या वलयाची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपे असतात. ताज्या द्रावणात अल्फा रूपाचे विशिष्ट घूर्णन (प्रकाशाचे प्रतल किती फिरते त्याचे प्रमाणित माप) सुमारे +११२ अंश, बीटाचे सुमारे +१९ अंश असते आणि दोन्ही द्रावणे हळूहळू सुमारे +५२.७ अंशांवर स्थिरावतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औषध कारखान्यांत नोकरी लागलीच, तर ग्लुकोजच्या चाचणीत थोडा अमोनिया घालून अर्धा तास का थांबतात, हे यावरून कळेल: अमोनियामुळे हा समतोल लवकर साधतो.