पहिला लेसर जुळवताना
पहिला लेसर हिरवाच हवा, हा आपला आग्रह रास्त आहे. मात्र ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या स्वस्त हिरव्या लेसर पेनात ८०८ नॅनोमीटरचा डायोड (लेसर प्रकाश देणारा अर्धवाहक भाग) स्फटिकांमार्फत आधी १०६४ आणि मग त्याच्या निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश निर्माण करतो, त्यामुळे अवरक्त गाळणी नसल्यास डोळ्यांना न दिसणारा घातक प्रकाशही बाहेर पडतो. त्यापेक्षा थेट ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देणारा डायोड घ्यावा. किरकोळ सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतील. डायोड जोडण्यापूर्वी ड्रायव्हरचा, म्हणजे डायोडला नियंत्रित वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रिकामा करावा. माझा पहिला जांभळा डायोड याच घाईत क्षणार्धात जळाला. ४०५ नॅनोमीटरच्या अशा जांभळ्या लेसरचा ठिपका मंद भासतो, म्हणून त्याला सौम्य समजू नये. डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा त्या त्या तरंगलांबीसाठीचाच असावा, आणि लोहगाव विमानतळावर उतरणाऱ्या विमानांकडे किरण कदापि रोखू नये.