कोचिंगची चार मुलं की आहे तेच कुटुंब? भंवरकुआँच्या फ्लॅटचा हिशेब

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही राहता इंदूरच्या सुदामा नगरला, तिथल्याच भंवरकुआँला मल्टीत (अपार्टमेंटच्या बिल्डिंगमध्ये) तुमचा टू बीएचके आहे, चार वर्षांपासून एक कुटुंब तिथे 15,000 किरायात राहतंय, वीज अन् मेंटेनन्स तेच भरतात. आता ब्रोकर म्हणतोय यांना काढा, कोचिंगची चार मुलं ठेवा, बेडमागे 5,500 घ्या, वर वायफायचे 200, वॉशिंग मशीनचे 200, पार्किंगचे 300, अन् येतानाच परत न मिळणारी 2,000 ची 'रजिस्ट्रेशन फी'. फर्निचर-फ्रिज-मशीनला 1,60,000 लागतील, त्यासाठी एफडी मोडू का असं तुम्ही विचारलंय. मोडू नका. का ते सांगतो.

ब्रोकरने तुम्हाला कागदावर महिन्याचे 24,800 दाखवले असतील, म्हणजे वर्षाचे 2,97,600. तुमच्या आत्ताच्या 1,80,000 समोर हा आकडा मोठा वाटणारच. पण चारही बेड बाराही महिने भरलेले नसतात हो. परीक्षा झाली की मुलं गावी जातात, एखाद्याचं सिलेक्शन होतं, एखाद्याला मित्राकडे जागा मिळते, एखादा आजारी पडून घरी गेला तो परतच येत नाही. बेडमागे दोन महिने रिकामे धरा, म्हणजे 2,48,000 उरले. आता खर्च बघा. मेंटेनन्सचे 1,500 आता तुमच्या गळ्यात, वर्षाचे 18,000. वायफाय 9,600. झाडू-पोछ्याला बाई लागणारच, 24,000. वर्षात तीन मुलं बदलली तर ब्रोकरला अर्ध्या महिन्याच्या हिशेबाने 8,250. गीझरची कॉइल, तुटलेला पलंग, चोक झालेली नाली, रंगाचा हात असं सगळं मिळून 12,000. झाले 71,850. हातात राहिले 1,76,150. म्हणजे आत्ता कुटुंबाकडून मिळतं त्यापेक्षा 3,850 कमीच! रजिस्ट्रेशन फीचे 8,000 मिळवले तरी जेमतेम चार हजार वर, अन् अजून 1,60,000 च्या एफडीचं बुडालेलं व्याज मोजलंच नाहीये, सात टक्के धरले तर तेच 11,200. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तर तोही तुमच्याच माथी, कारण नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं अन् चार मुलांच्या आंघोळी-कपडे त्यात भागत नाहीत.

त्या रजिस्ट्रेशन फीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. समोरच्याला काहीच न देता घेतलेला पैसा आहे तो. मागे एका क्लायंटचा असाच फ्लॅट बघायला गेलो होतो, तिथे फ्रिजच्या दारावर रेटचा कागद चिकटवलेला, मशीन एक वेळ 30 रुपये, पाहुणा एक रात्र 150, अन् बाथरूममध्ये एक मुलगा बादलीत शर्ट घासत बसलेला, मशीनवर कव्हर तसंच्या तसं. धार जिल्ह्यातला होता, वडील शेती करतात म्हणाला. दिवाळीनंतर त्या फ्लॅटमधले तीन बेड रिकामे झाले. अशा फी मुलांना बोचतात, मुलं निघून जातात अन् नुकसान शेवटी मालकाचंच होतं.

विजेचंही तसंच. ब्रोकर सबमीटर लावून युनिटला 12 रुपये घ्या म्हणतोय, ते बिलकुल करू नका. 2003 च्या विद्युत कायद्याप्रमाणे लायसन्स नसताना वीज विकून नफा कमावता येत नाही. शिवाय आपल्या मध्य प्रदेशात महिन्याला 150 युनिटच्या आत वापर असला तर पहिल्या 100 युनिटचे 100 रुपयेच लागतात, चार मुलं एका मीटरवर आली की ती सवलत गेलीच समजा.

मग जास्तीची कमाई करायचीच नाही का? करा ना, पण जिथे आहे तिथून करा. चार वर्षं तुम्ही किराया एक रुपयाने वाढवलेला नाही! दर वर्षी पाच टक्के वाढवला असता तर आज 18,000 च्या वर गेला असता. एकदम तेवढा मागू नका, चांगली माणसं आहेत, दर पाच तारखेच्या आत पैसे देतात असं तुम्हीच लिहिलंय. दोन महिने आधी सांगून 16,500 करा, अन् नव्या अकरा महिन्यांच्या करारात दर वेळी पाच टक्के वाढ लिहून घ्या. मग तुमचं कव्हर्ड पार्किंग, त्यांच्याकडे फक्त स्कूटर आहे अन् कारची जागा रिकामी पडलीय, ती मल्टीतल्याच कोणाला 1,000 ला देता येईल. झाले महिन्याचे 17,500, वर्षाचे 2,10,000, तेही एक पैसा न घालता. तुमच्या भाडेकरू वहिनींनी एसी मागितला होता ना? पैसे साठले की याच वाढीव पैशातून 36,000 चा बसवून द्या अन् त्याचे महिन्याला 900 वेगळे घ्या, तीन वर्षं चार महिन्यांत वसूल होतो. असा चार्ज कोणाला खुपत नाही, कारण वस्तू समोर भिंतीवर असते.

टॅक्सचं फार टेन्शन घेऊ नका. पेन्शन, व्याज, किराया सगळं मिळून तुम्ही 12 लाखांच्या बऱ्याच खाली आहात, 2025-26 पासून नव्या रिजीममध्ये रिबेटमुळे टॅक्स शून्यच येतो, रिटर्न मात्र भरा. एवढं लक्षात असू द्या की 30 टक्क्यांची सरसकट वजावट घरभाड्यावरच मिळते, एसी-फर्निचरचा चार्ज वेगळा घेतला तर तो इतर उत्पन्नात जातो. मेंटेनन्स ते लोक थेट रहवासी संघाला देतात तेच चालू ठेवा, तुमच्या खात्यातून फिरवू नका.

आता पार्किंग, कोणाकडून पैसे घ्यायच्या आधी रजिस्ट्रीत (खरेदीखतात) ती जागा तुमच्या नावे लिहिलीय का ते काढून बघा. नुसती सगळ्यांची सामायिक जागा असेल तर रहवासी संघाची लेखी परवानगी मिळेपर्यंत ते 1,000 हिशेबात धरू नका, तरीही वर्षाचे 1,98,000 होतातच.