अमेरिकेत नवीन आलोय. किराणा नॅचरल फूडच्या चेन स्टोअरमधून घ्यावा की गावातल्या को-ऑपमधून, म्हणजे सभासदांच्याच मालकीच्या सहकारी दुकानातून?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही दुकानं घरापासून सारख्याच अंतरावर आहेत, भाव साधारण सारखेच वाटतात, आणि को-ऑपचा शेअर घेणं म्हणजे पैसे अडकवणं तर नाही ना, अशी शंका आहे. त्या शेवटच्या शंकेमुळे मी लिहायला बसले. माझे मोठे दीर कित्येक वर्षं मला हेच ऐकवत आले आहेत.

आधी मालाचं उरकून घेते. बंद पाकिटातला आणि डब्यातला माल दोन्हीकडे बराचसा एकाच गोदामातून येतो. युनायटेड नॅचरल फूड्स ही या धंद्यातली सगळ्यात मोठी घाऊक कंपनी. होल फूड्स या नॅचरल फूडच्या मोठ्या चेनची मुख्य पुरवठादार तीच आणि देशभरातल्या कितीतरी को-ऑपचीही तीच. जून 2025 मध्ये त्यांच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा दोन्हीकडच्या मांडण्या रिकाम्या पडल्या. आमच्या को-ऑपमध्ये अंडी, दूध आणि पालेभाजी मात्र नेहमीसारखी होती, कारण ती शेतकऱ्याच्या गाडीतून थेट मागच्या दाराशी उतरते. ऑरगॅनिकचा शिक्का दोन्हीकडे एकच, 2002 पासून लागू असलेल्या कृषी खात्याच्या नियमांचा. ‘नॅचरल’ या शब्दाची मात्र इथल्या अन्न खात्याने अजून पक्की कायदेशीर व्याख्याच केलेली नाही, तेव्हा नुसत्या त्या शब्दासाठी एक सेंटही जास्त मोजू नका.

खरा फरक सुट्या मालात आणि मालकीत आहे.

सुटा माल काही चेनमध्येही मिळतो, पण चांगल्या को-ऑपमधला विभाग एकदा नीट बघा. रिकामी बरणी घरून न्यायची, काट्यावर ठेवायची, वजन झाकणावर लिहायचं, मग हवं तेवढं भरायचं आणि डब्यावरचा नंबर त्याखाली लिहायचा. गल्ल्यावर बरणीचं वजन वजा होतं. जिरं, धणे, लवंगा अगदी दोन चमचे घेतल्या तरी कोणी काही म्हणत नाही, आणि मसाल्याच्या छोट्या काचेच्या बाटलीपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. आमच्याकडे सभासदांनी काम केलं की बिलात सूट मिळायची, तेव्हा मी याच विभागात पाळी करायचे. नवीन पोतं फोडायचं तर आधी डबा पूर्ण रिकामा करायचा, कोपरे ब्रशने झाडायचे, धुऊन कोरडा करायचा, नवा माल खाली आणि जुना वर. हे काम कोणी टाळतंय का ते गिऱ्हाइकालाही कळतं: मसुरीच्या डब्याच्या कोपऱ्यात पीठ साचलेलं दिसलं की समजायचं, इथे कोणाचं लक्ष नाही. दुकान कुठलंही असो, मी आधी तो कोपरा बघते.

आता दीरांबद्दल. दिवाळीच्या फराळाला सगळे जमलो होतो. चार लोकांसमोर ते म्हणाले, “अगं, पैसे भरून दुकानात पोती उचलायला जातेस? को-ऑप म्हणजे पोट भरलेल्यांचा छंद. आणि तो शेअर बुडीत खात्यात धर.” त्याच सुमारास आमच्या गावात एका मोठ्या चेनचं दुकान उघडलं होतं. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत असलेल्यांपैकीच एक. झगझगीत दुकान, उघडण्याच्या आठवड्यात निम्म्या किमतीत फळं. को-ऑपची विक्री धाडकन खाली आली. त्यातच आमचे जुने कूलर बंद पडायला लागले, आणि पडत्या विक्रीचे आकडे बघून बँक कर्ज द्यायला तयार होईना.

मग सर्वसाधारण सभा बोलावली. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मॅनेजरने वर्षाचा हिशोब पडद्यावर लावला: माल केवढ्याला आणला, केवढ्याला विकला, पगारावर किती गेले, वीज किती, नासाडी किती. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि चीजची नासाडी एवढी का, म्हणून खोदून खोदून विचारत राहिले. मॅनेजरला उत्तर द्यावं लागलं, कारण ते मालक होते. त्यांच्यासारखीच मीही मालक होते, एका मताची. शेअर एक घ्या नाहीतर दहा, मत एकच. कूलरसाठी सभासदांनीच को-ऑपला कर्ज द्यायचं, चार टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत, असं त्या सभेत ठरलं. आम्ही पाच हजार डॉलर दिले. दीरांना कळलं तेव्हा त्यांचा फोन आला, “सांगितलं होतं ना तुला?”

कूलर आले, को-ऑप टिकला. मुदत संपल्यावर मुद्दल आणि व्याजाचा चेक पोस्टाने घरी आला. त्या पाच वर्षांत तिथल्या कोणाची नोकरी गेली नाही, आणि अंडी देणाऱ्या बाईंची कोंबड्यांची शेडही चालू राहिली. दीरांनी यावर आजवर एक शब्द काढलेला नाही.

‘पोट भरलेल्यांचा छंद’ हेही मला मान्य नाही. आम्ही मिनेसोटात राहतो. इथले वेज, सीवर्ड हे को-ऑप 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचे. 1975 मध्ये मिनिआपोलिसमध्ये नेमका याच प्रश्नावर एवढा वाद पेटला, की एका गटाने लोखंडी कांबी घेऊन को-ऑपचं घाऊक गोदामच ताब्यात घेतलं. कामगारांना परवडणारं डबाबंद अन्न आणि पांढरी साखर ठेवायची की फक्त कोंड्यासकट धान्य, हा वादाचा विषय. गरिबाला काय परवडतं यावरून भांडणारे लोक छंद जोपासत नव्हते. त्याच 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. माझी आई तिच्या एका संघात होती. महिन्याची यादी भरायची, माल कोणा एकीच्या घरी उतरायचा आणि बायका तिथेच वाटप करायच्या. दीरांच्या घरीही ती डाळ येत होती.

तुमच्या पैशाबद्दल. शेअर बहुतेक ठिकाणी शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास असतो, हप्त्याने भरता येतो, आणि गाव सोडताना बऱ्याच ठिकाणी परत मिळतो. मात्र परतावा संचालक मंडळाच्या मंजुरीवर असतो, तेव्हा सही करण्याआधी ते कलम वाचा. नफा झाला तर तुमच्या खरेदीच्या प्रमाणात वाटला जातो. 1844 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी सुरू केलेली ही पद्धत आजही चालते. इथल्या करनियमांमुळे त्यातला किमान 20 टक्के भाग साधारणपणे रोख देतात, उरलेला को-ऑपच्या खात्यात राहू शकतो. तोट्याच्या वर्षी काही मिळत नाही. उलट होल फूड्स 2017 मध्ये अ‍ॅमेझॉनने 13.7 अब्ज डॉलरला विकत घेतलं, तेव्हा तिथे वर्षानुवर्षं खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी काही विचारलं नव्हतं.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. चेनचा स्वतःच्या ब्रँडचा माल, म्हणजे डबाबंद टोमॅटो, ओट्स, गोठवलेला मटार, को-ऑपपेक्षा बहुधा स्वस्त असतो. तो तिथून घ्यायला काहीच हरकत नाही. आणि सगळे को-ऑप चांगले नसतात. काही ठिकाणी मूठभर लोक वर्षानुवर्षं मंडळावर बसलेले असतात आणि सभेला कोणी फिरकत नाही. हात फारच आखडता असेल, तर या दोन्हींपेक्षा इंडियन ग्रोसरीत डाळ-तांदूळ आणि आल्डी या स्वस्त दुकानांच्या चेनमध्ये भाजी घ्या.

बहुतेक को-ऑपमध्ये सभासद नसतानाही खरेदी करता येते. ब्रुकलिनच्या पार्क स्लोपसारखे, जिथे सभासदालाच खरेदी करता येते आणि त्याला कामाची पाळीही करावी लागते, असे थोडेच. तेव्हा महिना-दोन महिने तसंच जा, सुटा माल बघा, गल्ल्यावर मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल मागा. तो लगेच हातात पडला तर शेअर घ्या. “बघून सांगतो” म्हणाले, तर चेनमधून खरेदी करा.