बेटाकडची सांजफेरी ठरवण्यापूर्वी

प्रश्न : येत्या जानेवारीत माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने खासगी बोट ठरवून जवळच्या एखाद्या बेटापाशी सूर्यास्त पाहावा, असा आम्हा घरच्या दहा जणांचा बेत आहे. दोघेही पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि सोबत पाच वर्षांची नात आहे. एका बोटवाल्याने ग्रँड आयलंडची फेरी सुचवली असून, दुपारी चारला निघून रात्री आठपर्यंत परत आणतो, असे तो सांगतो. परतताना चांदणे मिळावे म्हणून यजमानांना पौर्णिमेचा दिवस हवा आहे. तारीख आठ-दहा दिवस मागेपुढे झाली तरी चालेल. हा बेत कितपत योग्य आहे?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : बेत मनापासून आवडला. बेट मात्र बदलावे आणि शक्य झाल्यास तिथीही, असे मी सुचवेन.

ग्रँड आयलंड मुरगावच्या भूशिरापलीकडे उघड्या समुद्रात आहे. पणजी किंवा बेतीच्या बाजूने निघालेल्या बोटीला मांडवीचे मुख ओलांडून, आग्वाद मागे टाकून, काबोच्या टोकाला वळसा घालून पुढे जुवारीचे मुख आणि मुरगाव बंदरात ये-जा करणाऱ्या मोठ्या जहाजांची वाट पार करावी लागते. पाण्याखालचे प्रवाळ आणि मासे पाहणारे लोक या बेटाकडे सकाळी जातात, कारण सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर खारे वारे सुटले की पाण्यावर आखूड, आपटणाऱ्या लाटा उठतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास वारा पडला तरी त्या लाटा लगेच निवत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लहान बोटीच्या फळीवर बसून असे तास-दीड तास आपटणे सोसवणारे नाही, आणि तेही परतीच्या वाटेवर, अंधारात, थकलेले असताना. शिवाय बेटाचा किनारा खडकाळ असून वयस्कर माणसांना उतरता येईल असा सोयीचा धक्का तिथे नाही. म्हणजे इतका प्रवास करून आपण बेटाजवळ नांगर टाकून बोटीतच बसणार. बोटीतच बसायचे असेल, तर ते संथ पाण्यात का बसू नये?

म्हणून मी आपल्याला मांडवीतली बेटे सुचवतो. चोडण आणि दिवाडी ही दोन्ही बेटे पणजीच्या धक्क्यापासून किंवा रायबंदरहून जवळ आहेत. नदीचे पाणी दोन्ही काठांनी आडोशात असल्यामुळे समुद्राची लाट तिथवर पोहोचत नाही आणि कोणाला मळमळू लागले किंवा दमायला झाले, तर थोड्याच वेळात काठ गाठता येतो. पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. वरच्या अंगाला गेल्यास डाव्या हाताला दिवाडीची हिरवी खाजणे, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेते, आणि त्यांचे बांध, उजव्या हाताला जुन्या गोव्याचा धक्का आणि चर्चचे उंच पांढरे दर्शनी भाग दिसतात. संध्याकाळचे ऊन पश्चिमेकडून येत असल्याने त्या वेळी ते फार सुंदर दिसतात. कदंब राजांचे आराध्य दैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मूळ मंदिर याच दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांच्या काळात ते उद्ध्वस्त झाल्यावर देवाची स्थापना पलीकडच्या काठावर नार्वे येथे झाली आणि तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. आपल्या सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल, तर बोट दिवाडीजवळून जाताना ही गोष्ट नातीला सांगण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे.

आता तिथीबद्दल, कारण या सगळ्या बेतातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते व तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे तिथी आणि भरतीची वेळ यांचे नाते बऱ्यापैकी पक्के असते. आपल्याकडे पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास भरती दुपारच्या आधी येऊन जाते, आणि सूर्य मावळण्याच्या सुमारास ओहोटी आपल्या तळाशी असते. त्यातही ते दिवस उधाणाचे असल्याने पाण्याच्या पातळीत दोन मीटरपर्यंत फरक पडतो. बोटवाले ही गोष्ट चांगली जाणून असतात. पर्यटकाने पौर्णिमा मागितली की नकार देऊन गिऱ्हाईक घालवण्यापेक्षा ते होकार देतात, इतकेच.

या ओहोटीचा आपल्याला नेमका काय त्रास होईल, हे धक्क्यावर उभे राहिल्यावर कळते. भरतीला बोटीची कड आणि धक्क्याची पायरी जवळजवळ एका पातळीत असते. खलाशाचा हात धरून एक पाऊल टाकले की माणूस बोटीत जातो. ओहोटीला तीच बोट चार-पाच पायऱ्या खाली गेलेली असते. एरवी पाण्याखाली राहणाऱ्या त्या पायऱ्या आता उघड्या पडलेल्या असतात, त्यांवर हिरवे शेवाळ साचलेले असते, कडांना कालवांची धारदार कवचे चिकटलेली असतात आणि हाताला धरायला असलाच तर एक ओला दोर असतो. चढताना उजेड असतो म्हणून निभावते. परतताना संधिप्रकाशात, हलत्या बोटीतून त्या निसरड्या पायरीवर सासूबाईंना पाय ठेवावा लागेल. अशा सहलींत माणसे दुखावतात ती बहुतेक वेळा बोटीत चढता-उतरतानाच. म्हणूनच परत येऊन सासूबाई कोणत्या पायरीवर उतरणार आहेत आणि त्या वेळी पाणी कुठे असेल, हे आधी ठरवावे आणि तिथून उलटे मोजत निघण्याची वेळ काढावी.

शुद्ध अष्टमीपासून दशमीपर्यंतचे दिवस मला आपल्यासाठी सर्वांत योग्य वाटतात. त्या दिवसांत भरती संध्याकाळी येते, भांगाचे पाणी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असल्यामुळे प्रवाहाला ओढ कमी असते आणि आपल्या यजमानांना हवा असलेला चंद्रही मिळतो. सूर्य मावळताना अर्धा-पाऊण चंद्र डोक्यावर आलेला असतो आणि मध्यरात्रीपर्यंत तो प्रकाश देतो. याउलट पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या वेळी नुकताच उगवत असतो आणि दिवाडीच्या झाडांवर येईपर्यंत आपण धक्क्याला लागलेले असू. तिथीवरून काढलेली वेळ हा अंदाज असतो. प्रत्यक्ष दिवशीची वेळ मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी. भारतीय सर्वेक्षण विभाग हे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करतो आणि मोबाइलवरही ते सहज मिळतात. मांडवीत आतवर भरती किनाऱ्यापेक्षा थोडी उशिराने पोहोचते, एवढे लक्षात असू द्यावे.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य दोन चौरस किलोमीटरहूनही लहान असून ते बहुतेक सगळे कांदळवनच आहे. त्याच्या आत जाण्यासाठी वन खात्याची परवानगी लागते आणि आतल्या चिंचोळ्या ओहोळांत भरतीशिवाय बोट जात नाही. सूर्यास्ताच्या फेरीत मी आत शिरण्याचा आग्रह धरणार नाही. बाहेरच, काठापासून थोडे अंतर ठेवून इंजिन बंद करायला सांगावे आणि पंधरा-वीस मिनिटे नुसते बसावे. बगळे आणि पाणकावळे रातथाऱ्यासाठी थव्याथव्याने परततात. तिवरांच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली बोटाएवढी श्वसनमुळे भरतीच्या पाण्यात एकेक करून बुडत जातात, ते नातीला जरूर दाखवावे. मोठ्याने गाणी लावली, तर यातले काहीही दिसणार नाही. बोटवाले गिऱ्हाइकाला आवडेल म्हणून स्पीकर सुरू करतात. तो नको असल्याचे ठरवतानाच सांगावे.

जानेवारीच्या मध्यावर पणजीत सूर्य सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो आणि पुढच्या अर्ध्या तासात अंधार पडतो. तेव्हा पावणेपाचला निघावे, आधी वरच्या अंगाला दिवाडीकडे जावे, सहाच्या आत चोडणच्या टोकापाशी यावे आणि सातच्या आत धक्क्याला लागावे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असल्याने नदीतून पाहताना तो पाण्यात बुडत नाही. पणजीच्या टेकडीच्या बाजूला झाडाघरांआड जातो. समुद्रात बुडणारा सूर्यच हवा असेल, तर मांडवीच्या मुखाशी जावे लागेल, आणि तिथे लाट आहे. मला स्वतःला मांडवीवरच्या अटल सेतूच्या तारांमागे तांबूस झालेले आकाश आणि त्याचे नदीत उतरलेले रंग अधिक प्रिय आहेत, पण ही आवडीची बाब आहे. अंधार पडल्यावर पणजीसमोरच्या पात्रात संगीताच्या मोठ्या क्रूझ बोटी आणि कॅसिनोंच्या फेरीबोटी यांची गर्दी होते. लहान बोटीने त्याआधी धक्का गाठलेला बरा.

प्रश्न : खासगी बोट ठरवताना नेमके काय तपासावे? कागदपत्रे मागितली, तर बोटवाल्याला राग येईल, असे वाटून आम्ही गप्प बसतो.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : संकोच बाळगू नये. ज्याची बोट नीट आहे, त्याला दाखवण्यात अभिमानच वाटतो. गोव्यात प्रवासी बोटींची नोंदणी आणि तपासणी बंदर कप्तान खात्याकडे आहे, आणि नदीतल्या बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. बोटीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असावा. तपासणीचे प्रमाणपत्र, विमा आणि तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, परवाना पाहावा, आणि प्रवाशांची कमाल संख्या किती लिहिली आहे ते स्वतः वाचावे. त्या संख्येत लहान मूलही एक प्रवासी म्हणून धरले जाते. सूर्यास्तानंतर पाण्यावर राहण्याची मुभा त्या बोटीला आहे का, हेही परवान्यावरून ठरते. हा प्रश्न सांजफेरीत कोणी विचारत नाही, म्हणून तो आवर्जून विचारावा.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवे आणि ते निघण्यापूर्वीच अंगावर बांधलेले हवे. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. किनारा तिथून फार दूर नव्हता. बाकाखाली रचून ठेवलेली जॅकेटे उलटलेल्या बोटीखालून काढता येत नाहीत. लहान मुलांसाठी लहान मापाचे, दोन पायांमधून पट्टा येणारे जॅकेट मागावे, कारण मोठ्यांचे जॅकेट घातलेले मूल पाण्यात पडले तर जॅकेट वर राहते आणि मूल खालून निसटते.

तिन्हीसांजेनंतर बोटीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा हवा. आपण निघतो तेव्हा लख्ख ऊन असते, त्यामुळे दिवे लागतात की नाही हे कोणी पाहत नाही. धक्क्यावरच एकदा लावून दाखवायला सांगावे. इंजिन बंद पडल्यास वल्ही आणि नांगराचा दोर आहे का, तेही पाहून घ्यावे. तटरक्षक दलाचा समुद्रातील शोध व बचावासाठीचा क्रमांक १५५४ आहे; तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असावा. भाडे ठरवताना ते बोटीचे आहे की माणशी, किती तासांचे आहे आणि हवामानामुळे फेरी रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत मिळणार का, हे स्पष्ट करून घ्यावे. हवामान पाहून तांडेल निघायला नको म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

प्रश्न : आम्ही मित्रमंडळी पाळोळेला जाणार आहोत. तिथल्या बेटावर चालत जाऊन सूर्यास्त पाहता येतो, असे ऐकले. मग होडीचा खर्च कशाला? आणि तिथूनच पुढे अंजदीव बेटावर जाता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पाळोळेच्या उत्तर टोकाच्या बेटावर ओहोटीला पाण्यातून चालत जाता येते, हे खरे आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ही ओहोटी नेमकी सूर्यास्ताच्या वेळी असते, आणि धोका इथेच आहे. घोटाभर पाण्यातून हसत-खेळत पलीकडे गेलेली मंडळी सूर्य मावळल्यावर छायाचित्रे काढत रेंगाळतात, तोवर भरती सुरू झालेली असते, खडक दिसेनासे होतात आणि मघाशी घोट्याशी असलेले पाणी अंधारात कमरेपर्यंत येते. उधाणाचे पाणी वेगाने चढते. चालतच जायचे असेल, तर ओहोटी तळाला पोहोचण्यापूर्वी जावे आणि पाणी फिरण्याआधी परतावे. सूर्यास्त किनाऱ्याच्या वाळूवरून पाहावा. नाहीतर स्थानिक मच्छीमारांची उलांडी (तोल राखण्यासाठी बाजूला बांधलेला ओंडका) असलेली होडी ठरवावी. उलांडीमुळे ती सहसा कलंडत नाही, आणि बटरफ्लाय बीचपर्यंत जाऊन उजेडात परत येण्याइतका वेळही मिळतो. पावसाळ्यात, आणि सप्टेंबरमध्ये समुद्र निवला आहे असे वाटत असतानाही, हा बेत करू नये.

अंजदीव बेट कारवारसमोर असले तरी ते गोव्याच्या हद्दीत आहे. ते भारतीय नौदलाच्या ताब्यात असून सर्वसामान्यांना तिथे प्रवेश नाही. कोणी खासगी होडीने ‘जवळून दाखवतो’ म्हणाला, तरी ते स्वीकारू नये. नौदलाच्या क्षेत्रात शिरल्याबद्दल होडीवाल्याबरोबर प्रवाशांचीही चौकशी होऊ शकते.